हात मशीनमध्ये का गेला?



कारखान्यात एखाद्याचे बोट प्रेस मशीनमध्ये गेले की वस्तीतली चर्चा ठरलेली असते. कोणी म्हणतो, "लक्ष नव्हते त्याचे." कोणी म्हणतो, "थोडी घेऊनच गेला असेल." कोणी नुसताच नशिबाला बोल लावून मोकळा होतो. मशीनला गार्ड होते का, हे विचारणारा एखादाच निघतो. आणि तो माणूस गेला महिनाभर धड झोपला होता का, त्याच्या मनाला काही दुखणे जडले होते का, हे विचारणारा तर कोणीच निघत नाही.

आज आम्ही या न विचारलेल्या प्रश्नावर लिहिणार आहोत. मनाचा आजार आणि अंगावरची जखम यांचा संबंध जवळचा आहे. मनावर वेळेवर उपचार झाले तर अनेक हात-पाय शाबूत राहतील आणि अनेक घरे उघडी पडण्यापासून वाचतील. कष्ट करून खाणाऱ्या माणसाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते एकदा मोडले की पगार बुडतो, मुलांची शाळा बुडते, सावकार दारात येतो. म्हणून हा विषय फक्त श्रीमंतांचा नाही. तो आपलाच आहे, आणि इतरांपेक्षा जास्त आपला आहे.

मन आजारी, हात जखमी

मनाच्या आजारात सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजारांपैकी एक म्हणजे नैराश्य, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. लोकांना वाटते की यात माणूस फक्त उदास बसतो, रडतो. पण हा आजार झोप खातो, भूक मारतो, विचारांचा वेग मंदावतो. समोरचे दिसते, पण डोक्यात उतरत नाही. ट्रक समोर येताना डोळ्यांना दिसतो आणि पाय ब्रेकवर जायला उशीर होतो. परांचीवर चढलेल्या गवंड्याचा पाय अर्धा वीत चुकतो. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात तव्याला लागतो. नैराश्याच्या रुग्णांमध्ये पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आलेले आहे.

घराघरांत पाहा. एकाच महिन्यात तीन वेळा हात भाजून घेणारी सून असते. तिला सासू म्हणते, "हिचे चित्त थाऱ्यावर नाही." सासूबाईंचे बोलणे खरेच असते, फक्त ते टोमणा म्हणून बोलले जाते, दुखणे म्हणून कोणी ऐकत नाही. बाळंतपणानंतर काही महिने काही स्त्रियांना असे नैराश्य येते. झोप नाही, रडू येते, बाळाकडे पाहूनही आनंद होत नाही. अशा वेळी तिला चुलीपुढे एकटी ढकलून बोलणी देणे हा उपाय नव्हे. तिला दवाखान्यात नेणे हा उपाय आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाईच्या अंगावर वारंवार वळ, खरचटणे, सूज दिसली आणि ती "मोरीत घसरले" एवढेच सांगत राहिली, तर तिच्या मनाच्या आजाराच्या आधी घरातल्या माराची चौकशी करा. मारामुळेही मन आजारी पडते. तेव्हा गोळी बाईला आणि मोकळीक मारणाऱ्याला, असे होता कामा नये. त्याचप्रमाणे मशीनला गार्ड नसताना अपघात झाला आणि मालक म्हणू लागला की "कामगाराचे डोके ठिकाणावर नव्हते", तर तेही मान्य करू नका. मन आजारी असले तरी गार्ड बसवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

जागरण म्हणजे काय?

रात्रपाळी, त्यावर ओव्हरटाइम आणि घरी आल्यावर पाण्याची रांग. आपल्याकडे न झोपणे हा कष्टाळूपणा समजला जातो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली एक साधी तपासणी प्रसिद्ध केली. काही माणसांना त्यांनी सलग जागे ठेवले, तर दुसऱ्या वेळी मोजून दारू दिली, आणि दोन्ही वेळा हात व डोळे यांचा मेळ किती बसतो ते पाहिले. सतरा तास सलग जागा असलेला माणूस, रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकाच चुकत होता. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी हीच मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत जागा असलेला रिक्षावाला हा कायद्याने पकडल्या जाणाऱ्या दारुड्याइतकाच, किंबहुना जास्त, धोक्यात असतो!

आता ज्याची झोप मनाच्या आजारानेच उडाली आहे, त्याचा विचार करा. तो एक दिवस नव्हे, महिनोन्महिने असा अर्धवट जागा असतो. झोप न येणे हे पुष्कळदा मनाच्या दुखण्याचे पहिले लक्षण असते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, कशात गोडी वाटत नाही, कामावर हात चुकू लागले, तर डॉक्टरकडे जाण्याची वेळ झाली असे समजा. अपघात होईपर्यंत थांबू नका.

सारखे पडणारे मूल

काही मुले सारखी पडतात. झाडावरून पडतात, रस्त्यावर धावत सुटतात, सायकल घेऊन भिंतीवर आदळतात. मुले अशीच असतात, हे खरे. पण त्यातली काही मुले वर्गात एक मिनिट बसू शकत नाहीत, सांगितलेले अर्धेही ऐकत नाहीत, पुढचा विचार येण्याआधीच उडी मारून मोकळी होतात. याला अतिचंचलतेचा आजार म्हणतात आणि तो मोठेपणीही राहू शकतो. मास्तर छडी देतात, बाप पट्टा काढतो. माराने हा आजार बरा होत नाही, मुलाच्या अंगावर एक जखम मात्र वाढते.

स्वीडनमध्ये असा आजार असलेल्या सतरा हजारांहून अधिक मोठ्या माणसांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या पुरुषांना औषध चालू असताना वाहनांचे गंभीर अपघात होण्याचा धोका, औषध बंद असतानाच्या मानाने निम्म्याहूनही कमी होता. औषध मनाचे आणि वाचला रस्त्यावरचा जीव! मनाच्या उपचाराने शरीर कसे वाचते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

चुलीजवळचे फेफरे

फेफरे किंवा मिरगी हा मेंदूचा आजार आहे, पण आपल्याकडे त्याला "बाहेरचे" समजतात आणि लपवतात. मुलीचे लग्न मोडेल म्हणून गोळ्याही लपवल्या जातात. त्याची किंमत शरीर देते. चुलीपुढे बसलेली बाई फिट येऊन विस्तवावर कोसळते, विहिरीवर गेलेला पोरगा पाण्यात जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले तर दर शंभरांतल्या सुमारे सत्तर रुग्णांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. गोळ्याही महाग नाहीत. मात्र त्या रोज घ्यायच्या असतात, एक दिवसही चुकवायच्या नसतात.

फिट आली तर चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे विस्तव, दगड, भांडी बाजूला सारा. डोक्याखाली मऊ कापड द्या आणि कुशीवर वळवा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा. फिट आटोक्यात येईपर्यंत उंचावरचे काम, विहीर, गाडी आणि उघडी चूल यांपासून त्या माणसाला दूर ठेवा.

औषधानेही तोल जातो

आता दुसरी बाजू. मनाच्या आजाराची काही औषधे अशी आहेत की ती नीट समजून घेतली नाहीत तर माणूस त्यांच्यामुळेही पडू शकतो. हे सांगितले तर लोक घाबरून गोळ्या टाकून देतील, म्हणून पुष्कळदा सांगितलेच जात नाही. आम्हाला ते योग्य वाटत नाही. आपले वाचक शहाणे आहेत.

झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते आणि ती सकाळपर्यंत राहू शकते. म्हाताऱ्या माणसाला याचा धोका फार. आजोबा रात्री लघवीला उठतात, पाय लटपटतो, मोरीच्या उंबऱ्याला अडखळतात आणि खुब्याचे हाड मोडते. उतारवयात खुबा मोडला की कित्येक जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून शेजारणीच्या गोळ्या आजीला देऊ नका, मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू नका आणि डॉक्टरांनी चार दिवसांसाठी दिलेली गोळी चार वर्षे घेऊ नका. मात्र खूप दिवस चालू असलेली गोळी एकाएकी बंदही करू नका. त्यानेही फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारून ती हळूहळू कमी करावी लागते.

काही औषधांनी उठून उभे राहताना रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी झोपेतून एकदम उठू नये. आधी अंथरुणावर बसावे, दोन मिनिटे थांबावे, मग भिंतीला धरून उभे राहावे. काहींना हाताला थरथर सुटते किंवा अंग ताठ होते. हे डॉक्टरांना सांगितले तर मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. लिथियम घेणाऱ्या माणसाने उन्हातान्हात काम करताना पाणी कमी पडू देऊ नये, जेवणातले मीठ एकाएकी बंद करू नये. जुलाब-उलट्या झाल्या, हात जास्त थरथरू लागले, चालताना झोक जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

नवी गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस गाडी, मशीन आणि परांची यांपासून लांब राहावे. गोळी लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगावे, "साहेब, मी क्रेन चालवतो," किंवा "मी रात्रपाळीला असतो." डॉक्टरांना आपल्या तोंडावरून आपले काम कळत नाही. ते सांगणे आपले काम आहे.

दारू एका दिवसात सोडताना

वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस एखाद्या दिवशी शपथ घेतो आणि बाटली फोडून टाकतो. घरात आनंद होतो. पण शरीराला दारूची सवय झालेली असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येते, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. याच काळात माणूस जिन्यावरून पडतो, डोके फुटते, प्रसंगी जीवही जातो. लोक म्हणतात, "सोडली म्हणून मेला." सोडली म्हणून नव्हे, उपचाराशिवाय सोडली म्हणून! संकल्प चांगलाच आहे, पण तो दवाखान्यात जाऊन, औषधांच्या आधाराने पार पाडायचा असतो. हे माहीत नसल्याने सुधारण्याच्या दिवशीच घराचा कर्ता गेला, असे होऊ नये.

साखळी, चटके आणि कायदा

उपचाराच्या नावाखाली जखमा करण्याचा इतिहास आपल्या देशात मोठा आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली. मनोरुग्णांना तिथे साखळ्यांनी बांधून ठेवले होते. पळता आले नाही म्हणून २८ माणसे गेली. आग ही जखम होती, पण साखळी ही तिच्या आधीची जखम होती.

आपल्याकडेही अंगात आले, लागीर झाले म्हणून भगताकडे नेतात. मिरचीची धुरी देतात, चाबकाने मारतात, तापलेल्या सळईने डाग देतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या निमित्ताने बांधणे, मारणे, धुरी देणे, चटके देणे हे सारे गुन्हे ठरवले आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. अंगारा आणि उतारा सोडून आपण फार दूर आलो, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण घरात कोणी बडबडू लागले की रात्रीच्या अंधारात कोणाच्या दारात आपण उभे असतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

दवाखान्यांनाही कायद्याने लगाम घातला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी घातली. पूर्वी विजेच्या उपचारात भूल न देता झटका देत आणि त्या झटक्याने कधी कधी मणक्याचे हाड मोडे. आता भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करता येत नाही. नीट भूल देऊन केलेला हा उपचार काही गंभीर रुग्णांचा जीव वाचवतो, म्हणून त्याच्या नुसत्या नावाने घाबरू नये. सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणे हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याजवळ पिवळे कार्ड नसले तरी, तो फुकट मिळाला पाहिजे.

जखम भरली, माणूस भरला का?

ही वाट उलट्या दिशेनेही चालते. पाय कापला गेला, बोटे गेली, पाठ मोडली की डॉक्टर जखम शिवतात आणि घरी पाठवतात. पण ज्या हाताने घर चालत होते तो हातच गेला, तेव्हा मनात काय होते? माणूस गप्प होतो, चिडतो, पोरांवर धावतो, पिऊ लागतो. व्यायाम करत नाही, गोळ्या घेत नाही, म्हणून जखमही लवकर बरी होत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस तर कित्येकदा स्वभावानेच बदललेला वाटतो. विसरतो, भडकतो. घरचे म्हणतात, "आता आयते खायची सवय लागली." ती सवय नसते, तो मेंदूला लागलेला मार असतो. हाडाच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा झोप, चिडचिड, रडू येणे हेही सांगा आणि मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी मागून घ्या.

कोणी विष घेतले, जाळून घेतले आणि वाचले, तर त्याला पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली असलेला मानले आहे. त्याला शिक्षा नको, उपचार द्या, असे कायदा म्हणतो. आणि घरात असे आजारी माणूस असेल तर कीटकनाशक, उंदराचे औषध, रॉकेल आणि गोळ्यांचा साठा कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. कठीण घटका पुष्कळदा निघून जाते. ती निघून जाईपर्यंत हाताशी काही नसावे, एवढ्यानेही जीव वाचतो.

कामावर कळले तर?

ही भीती खरी आहे. "वेड्याचे औषध घेतो" हे कळले की मुकादम काढून टाकेल, म्हणून माणूस गोळी लपवतो किंवा सोडतो, आणि मग अपघात होतो. सरकारी, निमसरकारी नोकरीत असलेल्यांनी २०१६ चा अपंग हक्क कायदा लक्षात ठेवावा. त्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कामगाराला काढू नये किंवा खालच्या पदावर टाकू नये, जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे, असे तो सांगतो. खासगीत आणि नाक्यावरच्या कामात हे संरक्षण नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिथे युनियन, सहकारी आणि वस्ती यांनीच पाठीशी उभे राहावे लागेल. सोबतच्या माणसाने "आज तू खाली थांब, वर मी चढतो" एवढे म्हटले तरी एक अपघात टळतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. आणि आजारागणिक पाहिले तर शंभरातले सत्तर ते नव्वद रुग्ण उपचाराविना होते. म्हणजे आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत, आपल्या पाळीवर असे आजारी आहेत आणि ते मुकाट्याने मशीन चालवत आहेत.

तेव्हा काय करावे? जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. तिथेही बाहेरून तपासून, गोळ्या घेऊन घरी येता येते. दाखल व्हावेच लागते असे नाही. ईएसआयचे कार्ड असेल तर ते मनाच्या आजारासाठीही वापरा. जाणे जमत नसेल तर २०२२ साली सुरू झालेली 'टेलिमानस' ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, फुकट आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि महिला मंडळाच्या फळ्यावरही लिहा.

आणि एक सवय आजपासून लावून घ्या. घरी कोणी जखम घेऊन आले, तर हळद लावताना, पट्टी बांधताना "लक्ष कुठे होते तुझे?" असे ओरडू नका. तोच प्रश्न हळू आवाजात, शेजारी बसून विचारा. "झोप लागते का रे? मनात काही आहे का?" उत्तर यायला वेळ लागेल. पण ते येईल, आणि पुढची जखम कदाचित होणारच नाही.